विश्लेषण : माशांच्या गावातली शिवराक थाळी, शाकाहारी पाकपुस्तक निवडावे कसे?

एका अंगाला अरबी समुद्र, दुसऱ्या अंगाला कर्ली नदीची खाडी आणि मध्ये माडांनी भरलेली वाळूची चिंचोळी पट्टी म्हणजे मालवण तालुक्यातील देवबाग. या पट्टीवरच्या कितीतरी घरांत आज पर्यटकांसाठी खोल्या आहेत. बहुतेक पाहुणे येतात ते सुरमई, बांगडा आणि तिसऱ्यांच्या ओढीने. तरीही खोली ठरवताना फोनवर एक प्रश्न हमखास येतो : ‘आमच्यातले दोघे शाकाहारी आहेत, त्यांची सोय होईल ना?’ होईल, असे उत्तर मिळते. मग त्या दोघांसाठी कुणी पाकपुस्तक उघडते, कुणी मोबाइलवर चित्रफीत शोधते आणि संध्याकाळी ताटात येते ती पनीरची लाल रश्शाची भाजी. त्याच घरात सोमवारी काळ्या वाटाण्याचे सांबारे शिजलेले असते, ते मात्र पाहुण्यापर्यंत पोहोचत नाही. असे का होते आणि पुस्तक विकत घेण्याआधी काय पाहिले, तर हे टळेल?

हा प्रश्न देवबागसाठी महत्त्वाचा का?

सिंधुदुर्ग हा १९९७ मध्ये देशातील पहिला पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला. तारकर्ली-देवबागचा किनारा, कर्लीच्या मुखाशी होणारा नदी-समुद्राचा संगम, डॉल्फिन पाहण्याच्या होड्या आणि स्कूबा यांमुळे येथे येणाऱ्यांची संख्या वाढत गेली. चिपी-परुळे येथील विमानतळ ऑक्टोबर २०२१ मध्ये सुरू झाला. न्याहारी-निवास पद्धतीच्या घरांत खोलीच्या भाड्याइतकेच जेवणालाही महत्त्व असते आणि हे जेवण बहुतेक ठिकाणी घरातल्या बायकाच रांधतात.

यातले गणित साधे आहे. आठ जणांच्या कुटुंबात दोघे शाकाहारी असले, तरी मुक्काम कुठे करायचा हे अनेकदा ते दोघेच ठरवतात. मासे खाणाऱ्याला गावातल्या कोणत्याही घरी चांगले जेवण मिळेल, याची खात्री असते. आजी-आजोबांचे किंवा जैन सुनेचे काय, हा प्रश्न ज्या घरी सुटतो तिथे सगळे कुटुंब उतरते. वरण-भात, बटाट्याची भाजी आणि पापड एवढ्यावर बोळवण झाली, तर पाहुणा दुसऱ्या दिवशी मालवणच्या बाजारात जेवायला जातो. घरच्या चुलीचे उत्पन्न तेवढ्याने बुडते.

शिवराक म्हणजे काय?

मालवणीत आणि गोव्याच्या कोकणीतही शाकाहारी जेवणाला ‘शिवराक’ म्हणतात. सोमवार किंवा गुरुवार पाळणारी घरे किनाऱ्यावर भरपूर आहेत. पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक नौकांना १ जून ते ३१ जुलै या काळात मासेमारीची बंदी असते. त्यामागोमाग श्रावण, मग चतुर्थी आणि गौरी. म्हणजे मासे खाणाऱ्या घरातही वर्षातले कितीतरी दिवस शिवराक रांधले जाते. ज्या दिवसांत समुद्रावरून ताजे काही येत नाही, त्याच दिवसांत परसात टाकळा, अळू, शेवग्याचा पाला, तवशी (मोठ्या काकड्या) आणि भोपळे येतात.

या स्वयंपाकाची स्वतःची यादी आहे. भाजलेल्या कांदा-खोबऱ्याच्या वाटपातले काळ्या वाटाण्याचे सांबारे आणि त्याबरोबर आंबोळी किंवा वडे. कुळथाची पिठी आणि उकड्या तांदळाचा भात. ओल्या काजूगरांची उसळ, फणसाच्या कुयरीची भाजी, केळफुलाची भाजी, नीरफणसाच्या तळलेल्या कापा, अळूचे फदफदे. सणाला अनेक भाज्या एकत्र करून केलेले खतखते. गोडाला शिरवाळे आणि नारळाचा गूळ घातलेला रस, खापरोळी, तवशाची तवसोळी. शेवटी सोलकढी. यात पनीर नाही, फ्लॉवर नाही, क्रीम नाही. कोकम, नारळ, काजू आणि तांदूळ बाजारातून किंवा शेजारच्या वाडीतून मिळतात.

मग अडते कुठे? ही यादी तोंडातून तोंडी चालत आलेली आहे. सासूने सुनेला ‘एवढे घाल’ म्हणून मूठ दाखवली, एवढेच तिचे लेखन. चार माणसांच्या घरासाठी हा हिशेब पुरतो. एकदम बारा पाहुण्यांचे जेवण पडले, सासू मुंबईला गेलेली असली किंवा घरात नवी मदतनीस आली, की मूठ उपयोगाची नाही. तिथे लिहिलेली कृती लागते, आणि हाताशी असलेल्या पुस्तकात नेमकी हीच पाने नसतात.

मराठीत आतापर्यंत काय छापले गेले?

या भूमीवर पाकक्रिया लिहिण्याची परंपरा जुनी आहे. सतराव्या शतकात रघुनाथ गणेश नवहस्ते यांनी संस्कृतात ‘भोजनकुतूहल’ लिहिले. रामचंद्र सखाराम गुप्ते यांचे ‘सूपशास्त्र’ १८७५ चे. मराठीतल्या सर्वांत जुन्या छापील पाकपुस्तकांत त्याची गणना होते. लक्ष्मीबाई धुरंधर यांचे ‘गृहिणी-मित्र’ १९१० मध्ये आले. त्याच्या नावातच हजार पाकक्रियांचे आश्वासन आहे, आणि पाठारे प्रभूंच्या घरचे म्हणून त्यात सामिषही आहे. सारस्वत महिला समाजाच्या ‘रसचंद्रिके’त कृतींबरोबर सण आणि घरगुती औषधे यांच्या नोंदीही आहेत.

१९७० मध्ये कमलाबाई ओगले यांचे ‘रुचिरा’ आले आणि चित्र बदलले. घरातल्या वाटी-चमच्याने प्रमाण सांगण्याची पद्धत त्या पुस्तकाने घरोघरी नेली. सासरी जाणाऱ्या मुलीच्या आणि परदेशी निघालेल्या मुलाच्या सामानात ते ठेवले जाऊ लागले. तमिळमध्ये हेच काम एस. मीनाक्षी अम्माळ यांच्या १९५१ च्या ‘समैत्तु पार’ या शाकाहारी पुस्तकाने केले. इंग्रजी वाचणाऱ्या शहरी घरांत १९७४ पासून तरला दलाल यांची शाकाहारी पुस्तके पोहोचली. या सगळ्या यशस्वी पुस्तकांत एक समान धागा दिसतो. प्रत्येकीने विशिष्ट स्वयंपाकघर डोळ्यांसमोर ठेवले होते. पुस्तक वाचणाऱ्या बाईकडे कोणती भांडी आहेत, तिला काय ठाऊक आहे आणि काय ठाऊक नाही, याचा अंदाज लेखिकेला होता.

अडचणही इथेच सुरू होते. पुण्या-मुंबईत छापल्या जाणाऱ्या अनेक शाकाहारी पुस्तकांचे स्वयंपाकघर घाटावरचे असते. गोडा मसाला, दाण्याचे कूट, चिंच-गूळ हा त्यांचा पाया. मराठीत शाकाहारी पुस्तक म्हटले, की दीर्घकाळ ठरावीक घरांतले शाकाहारी जेवण असाच अर्थ होत आला. मालवण किनाऱ्यावरच्या गाबीत, भंडारी घरांत सोमवारी काय शिजते, ते छापील पानावर क्वचितच आले. उलट ‘मालवणी’ नाव असलेली पुस्तके पाहावीत तर तिथे मासे आणि कोंबडी पुढे असतात. शिवराक शेवटच्या काही पानांत उरकलेले असते.

दुकानात पुस्तक चाळताना काय पाहावे?

सर्वांत सोपी परीक्षा म्हणजे स्वतःला पक्का येणारा एक पदार्थ पुस्तकात शोधायचा आणि तो पूर्ण वाचायचा. नवे पदार्थ पाहून पुस्तक घेतले जाते. त्यात चूक होते, कारण नवा पदार्थ बरोबर लिहिला आहे की नाही, हे वाचणाऱ्याला कळण्याचा मार्गच नसतो. ओळखीच्या पदार्थात लेखकाचा हात लगेच कळतो.

देवबागच्या रांधणीने सोलकढी काढावी. आमसुले कोमट पाण्यात किती वेळ भिजवायची, नारळाचे पहिले दूध आणि दुसरे दूध वेगळे सांगितले आहे का, आणि कढी उकळायची नाही, हे स्पष्ट लिहिले आहे का? ‘मंद आचेवर पाच मिनिटे उकळावी’ असे दिसले, तर पुस्तक खाली ठेवावे. नारळाचे दूध आणि आंबट एकत्र उकळले, की ते फुटते.

दुसरी परीक्षा आंबोळीची. आंबोळीचे पीठ आंबवतात, घावण्याचे आंबवत नाहीत. दोन्हींना ‘तांदळाचा डोसा’ म्हणणाऱ्या लेखकाने ते केलेले नसण्याची शक्यता मोठी. चांगल्या पुस्तकात ‘रात्रभर ठेवावे’ यापुढे एक वाक्य असते : मे महिन्यात पीठ लवकर येते, जानेवारीत वेळ लागतो. समुद्राकाठच्या दमट उन्हाळ्यात रात्रभर ठेवलेले पीठ सकाळी भांड्याबाहेर आलेले असते, हे ज्याने पाहिले आहे तोच ते वाक्य लिहितो.

काही भाज्या मुळातच जोखमीच्या असतात, आणि लेखक किती जाणता आहे ते तिथे दिसते. अळू आणि सुरण यांत कॅल्शियम ऑक्झलेटचे सूक्ष्म स्फटिक असतात. नीट शिजवले नाही तर घसा खाजतो, म्हणून त्यांत चिंच किंवा कोकम घालण्याची रीत आहे. ओल्या काजूच्या सालीतला चीक हात भाजतो. सोलताना हाताला तेल लावायची सूचना असलीच पाहिजे. केळफुलाच्या प्रत्येक कळीतला टणक दांडा आणि पारदर्शक पापुद्रा काढावा लागतो. तिरफळाचे वरचे साल वापरतात, आतली काळी बी टाकतात. बीसकट वाटले, तर सगळी भाजी कडू होते. ‘केळफूल स्वच्छ करून चिरावे’ एवढ्यावर थांबणारे पुस्तक ज्याला आधीच येते, त्याच्यासाठीच लिहिलेले असते. त्याला पुस्तकाची गरज नाही.

मग नावे पाहावीत. कुळीथ म्हणजेच हुलगे, तवशे म्हणजे मोठी काकडी, नीरफणस म्हणजे विलायती फणस. ‘फणसाची भाजी’ असे नुसते लिहिलेले असेल, तर कुयरीची, कच्च्या गऱ्यांची की आठळ्यांची? तिन्ही भाज्या वेगळ्या, तिन्हींचे महिने वेगळे. पुस्तकाच्या शेवटी पदार्थांच्या नावांबरोबरच भाज्यांच्या नावांची सूची असेल, तर ते पुस्तक दुप्पट उपयोगाचे. स्वयंपाकाला उभी राहिलेली बाई ‘आज कुठला पदार्थ करू’ असे क्वचित म्हणते. तिच्यासमोर दोन भोपळे आणि एक केळफूल असते, त्यांचे काय करायचे हा तिचा प्रश्न असतो. महिन्यांप्रमाणे मांडणी केलेले पुस्तक दिसले तर आणखी उत्तम, पण ते फार थोडे आढळते.

गुळगुळीत कागदावरचे फोटो शेवटी पाहावेत. फोटो सुंदर असणे हा गुन्हा नाही. मात्र पिठी गार झाली, की दाट होते. फोटोत ती दाट दिसते म्हणून चुलीवरच तेवढी आटवली, तर ताटात तिचा गोळा पडतो.

वाटी म्हणजे किती, शिट्टी म्हणजे किती?

‘रुचिरा’ने लोकप्रिय केलेल्या वाटीचे सामर्थ्य प्रमाणात आहे. एकाच वाटीने सगळे मोजले, तर वाटी लहान असो की मोठी, पदार्थ बिघडत नाही. पण पुस्तकात एकीकडे वाटी आणि दुसरीकडे ग्रॅम अशी सरमिसळ असेल, तर वाटी किती मिलीलिटरची ते कुठेतरी लिहिलेले हवे. ते सहसा प्रस्तावनेत किंवा पहिल्या पानांत असते. तिथे नसेल तर कुठेच नसते.

इंग्रजी पुस्तकांतला कप हा वेगळा गोंधळ आहे. अमेरिकी कप साधारण २४० मिलीलिटर, ऑस्ट्रेलियन २५०. मोठा चमचा बहुतेक देशांत १५ मिलीलिटरचा, ऑस्ट्रेलियात २० चा. भाजीत एवढ्याने फरक पडत नाही, केक आणि ढोकळ्यात पडतो. जुनी मराठी पुस्तके रद्दीवाल्याकडे किंवा ग्रंथालयात मिळतात, त्यांत शेर, छटाक, तोळे असतात. वजनाचा शेर साधारण ९३३ ग्रॅम, छटाक ५८ ग्रॅम, तोळा ११.६६ ग्रॅम. त्यातही वजनाचा शेर आणि धान्य मोजायचा मापी शेर एकच नव्हेत. दशमान पद्धतीचा कायदा १९५६ चा. त्याआधीचे पुस्तक हौसेने वाचावे, बारा पाहुण्यांचा स्वयंपाक त्यावरून काढू नये.

नारळ तर प्रत्येक झाडाचा वेगळा. ‘अर्धा नारळ’ या शब्दांत देवबागच्या माडाचा नारळ आणि शहरातल्या भाजीवाल्याकडचा सोललेला लहान नारळ एकाच हिशेबात येतात. ‘खवलेले खोबरे एक वाटी’ असे लिहिणारे पुस्तक त्यापेक्षा बरे.

कुकरच्या शिट्टीलाही हेच लागू. ‘तीन शिट्ट्या’ हे माप कुकरचा आकार, आतले पाणी, आच आणि झाकणाची जात यांवर अवलंबून असते. काळे वाटाणे रात्रभर भिजवले नसतील, तर दहा शिट्ट्यांनीही ते दाताखाली कचकच वाजतात. म्हणून चांगल्या कृतीत वेळ आणि खूण दोन्ही असतात : शिट्टीनंतर मंद आचेवर इतकी मिनिटे, आणि वाटाणा बोटांत दाबला की सहज चेपला पाहिजे. ही ‘खूण’ शोधावी. तेल सुटेपर्यंत, खमंग वास येईपर्यंत, खोबरे बदामी होईपर्यंत, पीठ चमच्यावरून सलग पडेपर्यंत. ज्या पुस्तकात अशा खुणा भरपूर, ते पुस्तक कोणी तरी चुलीपाशी उभे राहून लिहिलेले असते.

आणखी एक बाब पाहुण्यांसाठी रांधणाऱ्यांनाच जाणवते. कृती किती जणांसाठी आहे, ते लिहिलेले हवे. चारांचे प्रमाण बारांसाठी करताना डाळ-तांदूळ तिप्पट होतात. मीठ, तिखट आणि फोडणीचे तेल सरळ तिप्पट केले, तर बहुधा जास्त होते, आणि रुंद पातेल्यात पाणीही वेगळ्या वेगाने आटते. घरगुती पुस्तकांत याबद्दल फारसे काही नसते. तिप्पट करून एकदा घरच्यांना जेवू घालणे हाच उपाय.

शाकाहारी, पण नेमका कोणाचा?

या शब्दाचा अर्थ दारात उभ्या असलेल्या पाहुण्यावर अवलंबून असतो. जैन पाहुण्यांना कांदा, लसूण, बटाटा, सुरण, रताळे यांतले काहीच चालत नाही. काळ्या वाटाण्याचे वाटप कांद्याशिवाय करायचे तर काय बदलायचे, हे पुस्तकाने सांगितले तर देवबागच्या घराला ते सोन्यासारखे. वीगन पाहुण्यांना दूध-तूप नको. गंमत म्हणजे किनाऱ्यावरचे शिवराक बरेचसे आपोआप तसेच असते, कारण इथे दुधाच्या जागी नारळ आहे. सोलकढी, शिरवाळे, खतखते, पिठी यांत तूप वगळले की काम झाले. पनीरच्या भाजीत ते जमणार नाही. काही घरांना अंडे चालते, काहींना त्या भांड्याचाही विटाळ.

परदेशी पाककृतींच्या पुस्तकांत लपलेले सामिष शोधावे लागते. जिलेटिन जनावरांच्या हाडा-कातड्यांपासून बनते; त्याऐवजी समुद्रशेवाळापासूनचे आगर, म्हणजे आपला चायना ग्रास, सांगितले आहे का? वूस्टरशायर सॉसमध्ये मुळात मासे असतात, थाई मसाल्यांत बहुधा कोळंबीची पेस्ट असते, काही चीजमध्ये वासराच्या जठरातले रेनेट असते. हे पदार्थ वापरून वर ‘शाकाहारी’ असे छापणारी पुस्तके आहेत. गव्हाची ॲलर्जी असलेल्या पाहुण्यासाठी हिंगाच्या डबीवरचे घटकही पाहावेत. बाजारातल्या मिश्र हिंगात अनेकदा गव्हाचे पीठ असते.

देवबागमधली खरी कसोटी मात्र कोणत्याच पुस्तकात सापडत नाही. ज्या तव्यावर सकाळी बांगडा तळला त्यावर नीरफणसाच्या कापा, ज्या मिक्सरमध्ये सुक्या जवळ्याची चटणी त्यातच शिवराकाचे वाटप, आणि माशाचेच तळणीचे तेल. चव कितीही जमली, तरी शाकाहारी पाहुण्याला पहिल्या घासाला वास येतो, आणि तो बोलून दाखवत नाही. फक्त पुन्हा येत नाही. एक तवा, एक पातेले, मिक्सरचे एक भांडे आणि एक पाटा शिवराकासाठी वेगळे ठेवणे, आधी शिवराक रांधून मग मासळीला हात लावणे, हा खर्च कोणत्याही पुस्तकापेक्षा आधी करण्यासारखा आहे. सोमवार कडक पाळणाऱ्या घरांत ही शिस्त असतेच. पाहुण्यांसाठी ती आठवडाभर लागते.

पोषणाच्या दाव्यांवर किती विश्वास ठेवावा?

शाकाहारी पुस्तकांच्या प्रस्तावनेत आरोग्याची आश्वासने फार असतात. त्यावर एक जुना किस्सा उद्बोधक आहे. फ्रान्सिस मूर लापे यांच्या १९७१ च्या ‘डाएट फॉर अ स्मॉल प्लॅनेट’ या गाजलेल्या अमेरिकी पुस्तकाने एकाच जेवणात धान्य आणि डाळ मोजूनमापून एकत्र करण्यावर भर दिला होता. दहा वर्षांनी, १९८१ च्या आवृत्तीत, आपण हे गरजेपेक्षा अवघड करून सांगितले, असे त्यांनी स्वतःच मान्य केले. दिवसभरात वेगवेगळी धान्ये आणि कडधान्ये पोटात गेली, तर तेवढ्याने भागते. आंबोळी आणि वाटाण्याचे सांबारे, भात आणि पिठी या जोड्या कोकणात कोष्टक न मांडताच पडलेल्या आहेत.

बी-१२ जीवनसत्त्व मात्र वनस्पतिजन्य अन्नातून विश्वासार्हपणे मिळत नाही. ‘अमुक पाल्यात भरपूर बी-१२’ असे लिहिणाऱ्या पुस्तकातल्या बाकीच्या दाव्यांकडेही संशयानेच पाहावे. मधुमेह किंवा रक्तदाब ‘बरा करणाऱ्या’ कृतींच्या पुस्तकांबद्दल याहून जास्त लिहिण्यात अर्थ नाही.

मोबाइल हातात असताना पुस्तक कशाला?

चित्रफितीत जे दिसते ते पुस्तकात येत नाही, हे मान्य करावे लागेल. शिरवाळ्यांची उकड किती मळायची, घावण्याचे पीठ तव्यावर कसे फेकायचे, हे हात पाहिल्याशिवाय कळत नाही. पण चित्रफितीत प्रमाण शोधायला पुढे-मागे करावे लागते. हाताला खोबरे लागलेले असते, स्क्रीन विझते, आणि पावसात तार तुटून नेटवर्क गेले की तेही नाही. दुसरे म्हणजे तुलना. दोन पुस्तके शेजारी उघडून दोघींनी कुळथाच्या पिठीत पाणी किती सांगितले, ते एका मिनिटात पाहता येते.

ई-पुस्तकाचा तिसरा पर्याय फोनवर सोयीचा असतो, कारण शब्द टाकून शोधता येते. खरेदीपूर्वी नमुन्याची पाने मोफत वाचायला मिळतात, त्यांत अनुक्रमणिका आणि निदान दोन कृती पूर्ण वाचाव्यात. लेखकाचे नाव-गाव कळत नाही, पुस्तकात शेकडो कृती आहेत, प्रत्येकीचा साचा सारखा, सगळ्यांची वेळ तीस मिनिटे, असे दिसले तर सावध व्हावे. अशी भराभर तयार केलेली पुस्तके ऑनलाइन दुकानांत आता पुष्कळ आहेत. भिजवण्याचा वेळ धरला की काळ्या वाटाण्याचा कोणताही पदार्थ तीस मिनिटांत होत नाही, एवढे आठवले तरी पुरे.

मग देवबागच्या स्वयंपाकघरात कोणते पुस्तक असावे?

एकच घ्यायचे असेल, तर पाया शिकवणारे एक मराठी पुस्तक, आणि त्यासाठी ‘रुचिरा’ किंवा मंगला बर्वे यांचे ‘अन्नपूर्णा’ आजही वाईट निवड नाही. नव्या मदतनिसाला वरण, कोशिंबीर, मसालेभात, भाजणी ही रोजची कामे त्यावरून शिकवता येतात. दुसरे घेता आले तर ‘रसचंद्रिका’. त्यातले सारस्वत स्वयंपाकघर नारळ, आमसूल आणि तिरफळ यांवर उभे आहे, त्यामुळे तिथल्या कृती देवबागच्या परसाला पुण्याच्या पुस्तकापेक्षा जवळच्या. गोव्यात छापलेली कोकणी-मराठी पाकपुस्तके मिळाली तर चाळावीत. खतखत्यासारखे पदार्थ त्यांत अधिक निगुतीने आलेले असतात. पंजाबी किंवा चायनीज शाकाहारी पदार्थांचे पुस्तक शेवटी. मुंबईहून पाचशे किलोमीटर आलेला पाहुणा पनीर टिक्का खायला आलेला नसतो, आणि लहान मुलांसाठी एखादा ओळखीचा पदार्थ लागलाच, तर तेवढ्यापुरती चित्रफीत पुरेशी आहे.

यानंतरही काळ्या वाटाण्याचे सांबारे, ओल्या काजूची उसळ आणि खापरोळी यांची पाने रिकामीच राहतात. ती भरायला शंभर पानी वही लागते. घरातल्या जाणत्या बाईने रांधताना तिची मूठ वाटीत रिकामी करून मोजायची, वाटी ठरवून तीच कायम ठेवायची, आणि भिजवल्याची वेळ, पाणी, खूण, महिना आणि किती पाने उठली ते त्याच दिवशी लिहायचे. दुसऱ्यांदा ते सुनेने किंवा मदतनिसाने वहीत पाहून करायचे, जाणत्या बाईने मध्ये बोलायचे नाही. जिथे अडेल तिथे वहीत एक ओळ कमी आहे. पावसाळ्यात पाहुण्यांची गर्दी ओसरते, होड्या वर ओढलेल्या असतात आणि श्रावण तोंडावर असतो. जूनपासून चतुर्थीपर्यंत आठवड्याला दोन पदार्थ उतरवले, तरी दिवाळीच्या सुट्टीत फोन वाजू लागेपर्यंत वहीत पंचवीस-तीस पदार्थ झालेले असतील.